बजरंगचा हिवाळा

परवा मोसमातली पहिली मॅच लागली. शेखरनं सवयीनं पाय सोफ्यावर घेतले, भडंगाची वाटी मांडीवर ठेवली आणि आवाज वाढवला. बर्फावरच्या हॉकीत माणूस कडेच्या काचेवर आदळतो तेव्हा एक आवाज होतो. धप्प असा नाही आणि खण्ण असाही नाही, दोन्हीच्या मधला. तो आवाज ऐकला की आमच्या घरात ऑक्टोबर सुरू होतो. वीस-बावीस वर्षं तसंच चाललंय. या वेळी तो आवाज आला आणि मी म्हणाले, "बंद कर तो टीव्ही."

शेखर बघतच राहिला. या घरात हॉकीचं वेड मी आणलं. हा बिचारा माझ्या नादानं बघायला लागला. मॅच चालू असताना फोन घ्यायचा नाही, कुकर लावायचा नाही, माझ्यासमोरून जायचं नाही, असे नियम मी केलेले. आणि आता मीच बंद कर म्हणतेय. त्यानं टीव्ही बंद केला. त्याला कारण माहीत होतं. गेला महिनाभर आम्ही दोघं त्या कारणाच्या अवतीभवती वावरतोय.

मी मूळची नागपूरची. उन्हाळ्यात डांबर वितळतं अशा गावातली बाई बर्फावरच्या खेळाच्या नादी कशी लागली, हे मला सगळे विचारतात. उत्तर सोपं आहे. लग्न करून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले तो नोव्हेंबर होता. शेखरचा वर्क व्हिसा आणि माझा त्याच्यामागे आलेला बायकोचा व्हिसा. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पगार घेता येत नाही, बस्स, घरी बसता येतं. गाडी चालवता येत नव्हती. सकाळी सातच्या ट्रेननं शेखर शिकागोला जायचा, संध्याकाळी सातला यायचा. मधले बारा तास मी, हीटरची घरघर आणि खिडकीबाहेर पांढरं. नागपुरात मी कॉलेजात शिकवत होते, पोरं मला टरकून असायची. इथे माझ्याशी बोलणारा दिवसातला एकमेव माणूस म्हणजे पोस्टमन, आणि तोही फक्त "स्टे वॉर्म" म्हणायचा.

रागच राग होता मनात. कुणावर ते कळत नव्हतं. शेखरवर नव्हता, तो मान मोडून काम करत होता. आईबाबांवर नव्हता, त्यांनी विचारूनच लग्न ठरवलं होतं. मग एक दिवस चॅनल बदलताबदलता एक माणूस दिसला. सहा फूट चार इंच, नाक दोनदा मोडलेलं, पुढचा एक दात नाही. समोर तिघं उभे होते. तो त्यांना वळसा घालून गेला नाही, त्यांच्यातून गेला. एक डावीकडे पडला, एक उजवीकडे, तिसरा त्याच्या पाठीला लोंबकळत आला, आणि त्या लोंबकळणाऱ्यासकट यानं गोल केला. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही, नागपुरी होतं.

तेव्हा मला ना नियम माहीत होते ना टीम. पण त्या दिवसापासून तो माझ्या वतीनं धडका मारायला लागला. व्हिसा ऑफिसला एक, त्या पांढऱ्या खिडकीला एक, "हाउ डू यू लाइक अमेरिका" विचारणाऱ्या शेखरच्या बॉसच्या बायकोला एक. हे आज लिहिताना मला लाज वाटते. पण तेव्हा वाटत नव्हती, आणि खोटं लिहिण्यात काय अर्थ आहे.

मोहिते काका आले ते त्याच महिन्यात. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर त्यांचा मुलगा राहायचा. काका सांगलीकडचे, शाळेत खेळाचे मास्तर म्हणून रिटायर झालेले, आणि तीस वर्षं कबड्डीचे पंच. बायको गेल्यावर मुलानं इकडे आणलेलं. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा डोक्याला माकडटोपी, अंगावर मुलाचं जॅकेट, खाली धोतर. मी "काका, थंडी वाजत नाही का?" म्हटलं, तर म्हणाले, "वाजती की. पर कुणाला सांगू?" त्या संध्याकाळी मी त्यांना मॅच बघायला वर बोलावलं.

काका स्टीलचा डबा भरून भडंग घेऊन आले. सून करायची, छान करायची. खुर्ची पुढे ओढून बसले, पाच मिनिटं गप्प बघितलं आणि म्हणाले, "अगं पोरी, ही तर चढाई हाय." मग त्यांनी मला तो खेळ समजावला, सगळा कबड्डीत. समोरच्याच्या अंगणात घुसायचं, पकड चुकवायची, न चुकली तर पकडीसकट माणसं ओढत आणायची. इथले लोक अशा गड्याला पॉवर फॉरवर्ड म्हणतात. गोलही करायचा आणि वाटेत येईल त्याला आडवाही करायचा. आडनाव युक्रेनी होतं, काकांच्या जिभेवर बसेना. दोन मॅच त्यांनी प्रयत्न केला आणि मग जाहीर केलं, "ह्याचं नाव बजरंग." तेव्हापासून आमच्या घरात तो बजरंगच. त्याचं खरं नाव इथेही लिहीत नाही, त्याच्या बायकोला आवडणार नाही.

तो हिवाळा बजरंगचा होता. असा मोसम खेळाडूच्या आयुष्यात एकदाच येतो म्हणतात. चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, म्हणजे पक, त्याच्या काठीला लागली की गोलकीपरचे खांदे आधीच पडलेले दिसायचे. तो बर्फावर उतरला की समोरच्या टीमचे लोक कडेकडेनं खेळायला लागायचे, गल्लीत मोकाट सांड आल्यावर लोक ओट्यावर चढतात तसे. माझी भाजी करपायची. शेखर दमून आलेला असायचा, तोही बूट न काढता दारातच उभा राहून बघायचा. काकांच्या खिशात पंचाची जुनी शिट्टी असायची. बजरंगनं कुणाला आडवं केलं की काका शिट्टी फुंकायचे, एक हात वर करायचे आणि म्हणायचे, "गडी बाद!" खालच्या मजल्यावरच्या बाईनं कॉम्प्लेक्सच्या ऑफिसमध्ये तक्रार केली. काकांनी शिट्टी खिशात ठेवली आणि तोंडानं वाजवायला लागले.

त्या एका मोसमावर मी आजवर जगत आले. नंतर मला वर्क परमिट मिळालं, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे. माझ्या स्वभावाला मानवलं. घर घेतलं. मोहिते काका चार वर्षांपूर्वी गेले. बजरंग तर कधीच रिटायर झाला होता. पण बर्फ पडायला लागलं की आमच्यासारखे त्याचे जुने वेडे ऑनलाइन ग्रुपवर जमायचे आणि तोच हिवाळा पुन्हा चघळायचे. कुणी पेन्सिल्व्हेनियात, कुणी टेक्ससमध्ये, मी इथे. आठवतं का, त्या सामन्यात त्यानं एकाला काचेतून बाहेर फेकलं? आठवतं का, शिक्षेला बसवतात त्या पेनल्टी बॉक्सचं दार तुटलं? मी पण लिहायचे. माझ्या पोस्टला खूप लाइक यायचे. मोहिते काकांची शिट्टी त्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत होती.

ऑगस्टच्या शेवटी त्या ग्रुपवर एका बाईची पोस्ट आली. नाव लिंडा. बजरंगची बायको. ती इतक्या वर्षांत कधी तिथे आली नव्हती.

तिनं लिहिलं होतं ते साधं होतं. त्याला डोक्याला इतके मार बसलेत की आता फार थोडं आठवतं. तुम्ही सगळे ज्या मोसमाबद्दल इथे लिहिता त्यातलं त्याला काहीच आठवत नाही. एकही गोल नाही. कप जिंकल्याचा फोटो भिंतीवर आहे, त्यातला मधला माणूस कोण म्हणून तो विचारतो. फक्त एक गोष्ट राहिली आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारच्या मॅचमध्ये त्यानं समोरच्या टीमच्या एका पोराला चेक केलं होतं, म्हणजे खांद्यानं धडक दिली होती. पोरगा बर्फावर पडला. एवढंच त्याला आठवतं. तो रोज सकाळी मला विचारतो, "डिड द किड गेट अप?" मी हो म्हणते. तो म्हणतो, तू तिथे नव्हतीस. खरंच नव्हते, माझं बाळ तीन आठवड्यांचं होतं. मी त्याला सांगते की तो पोरगा जिवंत आहे, कॅनडात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, मी स्वतः फोनवर बोलले आहे. तो म्हणतो, ते नंतरचं झालं, तेव्हा तो उठला का? त्या दिवसाची टेप आम्हाला मिळाली, पण तिथे जाहिराती सुरू होतात. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी प्रत्यक्ष तिथे असेल आणि काय झालं ते बघितलं असेल, तर कृपा करून मला कळवा. त्याला कुणी बघितलेल्या माणसानं सांगायला हवं आहे.

ज्याच्या आठवणीवर आम्ही वीस वर्षं काढली त्याच्याकडे त्यातली एकही नव्हती. आणि जी होती तिच्याबद्दल आमच्यातल्या एकानंही इतक्या वर्षांत प्रश्न विचारला नव्हता. ग्रुप दोन तास चिडीचूप होता. चोवीस तास बडबड करणारी माणसं, पण एकालाही काय लिहावं सुचेना.

आणि मग मी लिहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी माझी बोटंही चालतात. "मी होते तिथे," असं लिहिलं. "तिसऱ्या रांगेत." लिहिताना छातीत थोडा अभिमानही होता, तो लपवत नाही. लिंडाचं उत्तर दहा मिनिटांत आलं. देवाचे आभार, असं लिहिलं होतं. येऊन त्याला सांगाल का? आम्ही तुमच्यापासून तासाभराच्या ड्राइव्हवर आहोत.

मी हो म्हणाले. लॅपटॉप मिटला, किचनमध्ये गेले, चहा टाकला आणि आठवायला बसले की मी काय बघितलं होतं.

तेवढ्या हिवाळ्यात आम्ही स्टेडियममध्ये एकदाच गेलो. शेखरच्या ऑफिसात कुणाची तरी तिकिटं फुकट जात होती, बॉसनं त्याला दिली. तीन तिकिटं, काचेपासून तिसरी रांग. रविवारची दुपार. काकांनी धोतराखाली दोन लोकरी पायजमे घातले होते. आत शिरलो आणि थंडीचा तो वास आला, धातूचा, ओल्या रबराचा, पॉपकॉर्नचा. टीव्हीवर खेळ सपाट दिसतो. तिथे कळलं की ही माणसं किती मोठी आहेत आणि किती वेगानं येतात. बजरंग समोरून गेला तर अंगावर वारा आला. काका म्हणाले, "पोरी, ह्यो माणूस न्हाई, बैलगाडी हाय."

दुसऱ्या भागात ते झालं. समोरचा पोरगा डोकं खाली घालून पायातला पक शोधत होता. विशीतला असेल. बजरंग आला. नियमात होतं, त्या वेळच्या नियमात सगळं बसायचं. आवाज झाला आणि आम्ही उभे राहिलो. मी, शेखर, काका, आजूबाजूचे सगळे, हजारो माणसं एकदम. काकांनी हात वर केला, "गडी बाद!" मी त्यांच्या हाताला टाळी दिली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. इथवर मला लख्ख आठवत होतं. काचेवरचा ओरखडा आठवत होता. पुढच्या रांगेतल्या बाईच्या टोपीचा गोंडा आठवत होता.

आणि मग? मग खेळ थांबला. थोड्या वेळानं लोक टाळ्या वाजवायला लागले. आम्हाला वाटलं बजरंगसाठी, म्हणून आम्ही जास्त जोरात वाजवल्या. जखमी माणसाला बाहेर नेताना दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवतात, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. पण त्या पोराचं काय झालं? उठला? चालत गेला? नेला? चहा उतू गेला, मी तशीच उभी. मला तिथून पुढे काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. थेट गाडीत बसल्यावरचं आठवत होतं.

गाडीत हीटर लावून बसलो होतो. पार्किंगमधून निघायला लाइन होती. काका मागे बसले होते, गप्प. मॅच आपण जिंकलो होतो, तरी गप्प. मग म्हणाले, "ते पोरगं उठलं का गं?" मी म्हणाले, "उठलं असेल काका." ते म्हणाले, "कबड्डीत गडी उठल्याबिगर पंच शिट्टी मारत न्हाई." मी शेखरला म्हटलं, "डोसा खाऊ या का? त्या साउथ इंडियनकडे जाऊ." आणि आम्ही डोसा खाल्ला. डोसा चांगला होता हेही आठवतं. म्हणजे बजरंगला जो प्रश्न रोज सकाळी पडतो तो आमच्या गाडीत त्याच दिवशी विचारला गेला होता, आणि मी तो डोशाखाली दाबला. काकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर मॅच बघताना ते हात वर करायचे, पण तोंडानं शिट्टी कधी वाजवली नाही. मला वाटलं होतं दातांची कवळी बसवली म्हणून.

"शेखर, तू काय बघितलं होतंस?" रात्री जेवताना मी विचारलं.

"कधी?"

"तो पोरगा पडल्यावर."

"मी कुठे बघितलं, मीनल? तू फोटो काढत होतीस ना. मी आणि काका पाठ करून उभे होतो."

तिथेच ताट सोडून मी बेसमेंटमध्ये गेले.

त्या काळी आम्ही सगळ्याचा फोटो काढायचो. नवीन आलेल्या प्रत्येकानं काढलेत. धबधब्यापुढे उभं राहून, मॉलपुढे, बर्फाच्या ढिगापुढे, दुसऱ्याच्या गाडीला टेकून. आपण ते बघायला गेलेलोच नसायचो. घरच्यांनी ते बघावं म्हणून गेलेलो असायचो. त्यामुळे बघायच्या गोष्टीकडे पाठ करूनच उभं राहायचं. फोटो काढणाऱ्याचं एकच काम, मागचं नीट येतंय ना बघायचं. रोल धुवायला टाकताना प्रत्येकी दोन कॉपी सांगायच्या, एक आपल्याला, एक इंडियात. स्टेडियमचा तो फोटो नागपूरला गेला होता. आईनं तो मोठा करून हॉलमधल्या शोकेसमध्ये लावला होता. "हे आमचे जावई, हे शेजारचे मोहिते काका, आणि मागे ती बर्फावरची हॉकी," असं ती आल्यागेल्याला सांगायची. दहाएक वर्षं तो तिथे होता.

माझी कॉपी अल्बममध्ये सापडली. शेखर बारीक होता, केस होते. काका माकडटोपीत. दोघं हसतायत, काकांचं हसणं जरा उशिरा आल्यासारखं. आणि दोघांच्या खांद्यांच्या मधल्या जागेत, काचेपलीकडे, धूसर, चार-पाच माणसं वाकलेली आहेत. त्यांच्यामध्ये स्ट्रेचर आहे. स्ट्रेचरवर कुणीतरी आडवं आहे.

मी जिन्यावरच बसले. माझं पोट चुका शोधण्यावर चालतं. एका पिक्सेलनं सरकलेलं बटण मला दिसतं. आणि हा फोटो वीस वर्षं माझ्या घरात, दहा वर्षं माझ्या आईच्या घरात. तोवर माझी समजूत होती की माझीही तिकडे पाठ होती. पण पाठ शेखरची आणि काकांची होती. माझं तोंड बर्फाकडे होतं. मी त्या कॅमेऱ्याच्या भोकातून सरळ त्याच्याकडे बघत होते. आणि मग सगळं परत आलं, कुणी बादलीभर पाणी ओतावं तसं. खेळ थांबलाय तर आत्ताच काढून घेऊ, असं मीच म्हटलं होतं. काका मागे वळून वळून बघत होते. "थांब जरा पोरी," ते म्हणाले होते. मी म्हणाले, "काका, इकडे बघा. परत सुरू झालं की जमायचं नाही. थोडं डावीकडे सरका, मागचं नीट येऊ दे. हसा की."

काका हसले. पंच माणूस, पण पाहुणा म्हणून आला होता, तिकीट दुसऱ्याचं, सांगणारी मी.

दुसऱ्या दिवशी मी फोटो स्कॅन केला आणि स्क्रीनवर मोठा करून बघितला. मोठं केल्यावर स्ट्रेचरवरून एक हात वर आलेला दिसतो. पांढरा ग्लव्ह, समोरच्या टीमचा. मी शेखरला ओढत आणलं. "हा बघ. हात वर केलाय त्यानं. म्हणजे शुद्धीत होता. म्हणजे ठीक होता."

शेखर चष्मा वर करून बघत राहिला. "हात त्याचाच कशावरून? त्याच्या टीमचे लोक वाकलेत की शेजारी. त्यांचेही ग्लव्ह पांढरेच."

"त्याचाच आहे."

"मीनल, तुला तसं हवंय."

"हवंय तर हवंय."

आम्ही दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. मला राग आला होता तो शेखरचं म्हणणं बरोबर होतं याचा. मी तो हात हजारदा बघितला असेल. कधी तो पोराचा वाटायचा, कधी वाकलेल्या माणसाचा. मोठा करत गेलं की नुसते चौकोन उरतात. जायचं नाही असं मी एकदा ठरवलं. लिंडाला लिहायलाही बसले, की माफ करा, मी होते पण मला माहीत नाही. पण ती रोज सकाळी तो प्रश्न झेलत होती, आणि आपल्याकडे निदान हा एक कागद होता. तो न देणंही जमेना. शेखर म्हणाला, "फोटो दे, आणि जे आहे ते सांग. तू कधी खोटं बोलत नाहीस, तेच कर."

त्या शनिवारी आम्ही सकाळी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बेसनाचे लाडू केले होते. बैठं घर, पडदे सगळे ओढलेले, कारण त्याला उजेड सहन होत नाही. लिंडा माझ्याच वयाची, केस घाईत बांधलेले. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. मी ओळखलं ते नाकावरून. खांदे तेवढेच रुंद, पण आत कुणी नसल्यासारखे खाली आलेले. घरात गॉगल. त्याचे हात मांडीवर होते, बोटं वेगवेगळ्या दिशांना गेलेली. ज्या हातांसाठी मी टाळ्या वाजवल्या ते हे हात.

त्यानं लाडू खाल्ला, दुसरा घेतला, नाव विचारलं, पुन्हा विचारलं. मग लिंडा म्हणाली, "ही त्या दिवशी तिथे होती." तो माझ्याकडे वळला.

मी फोटो त्याच्या हातात दिला. गॉगल काढून त्यानं तो डोळ्यांजवळ नेला. मी वाकून बोट ठेवलं, "इथे बघा. हा हात वर आहे." तो तिकडे बघेना. त्याचं वाकडं बोट शेखरच्या चेहऱ्यावर गेलं, मग काकांच्या.

"हे दोघं का हसतायत?"

लिंडानं मान खाली घातली. शेखर दाराशी उभा होता, त्याच फोटोतला शेखर, आणि तो कार्पेटकडे बघत होता. फोटो आधीचा आहे, असं सांगता आलं असतं. चटकन सुचलंही.

"मी हसायला सांगितलं," मी म्हणाले. "कॅमेरा माझ्या हातात होता. त्यांची काही चूक नाही. हे म्हातारे गृहस्थ मागे वळून तुमच्याकडेच बघत होते, मीच त्यांना इकडे बघायला लावलं."

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, लहान मूल हिशेब करतं तसे ओठ हलले. मग म्हणाला, "म्हणजे ते बघत नव्हते."

"नाही."

"पण तुमचं तोंड आमच्याकडे होतं."

"हो."

"मग तुम्ही बघत होतात."

शेखरनं मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी काकांची टोपी फोटोत कापली जातेय का ते बघत होते. रोलमध्ये किती फोटो उरलेत ते बघत होते. आईच्या शोकेसमध्ये हे कसं दिसेल ते बघत होते.

"हो," मी म्हणाले. "मी बघत होते."

"उठला?"

"हात वर केला त्यानं. मी बघितला."

त्याचे खांदे जरा हलले. त्यानं फोटो लिंडाकडे दिला आणि तिला समजावून सांगितलं, "ही बघत होती. तिथे होती ही." लिंडा तोंडावर हात धरून आत निघून गेली. घर आल्यावर शेखरनं गाडी बंद केली आणि म्हणाला, "बरं केलंस." थोड्या वेळानं म्हणाला, "मला माहीत नाही, बरं केलंस का."

लिंडाचा फोन चार दिवसांनी आला. तो सगळं विसरला होता. लाडू, माझं नाव, फोटो. फक्त सकाळचा प्रश्न बदलला होता. आता तो विचारतो, जी बघत होती ती बाई कधी येणार?

म्हणून मी जाते. तीन शनिवार झाले. प्रत्येक वेळी तो पहिल्यापासून विचारतो, मी पहिल्यापासून सांगते, काय बघितलं ते. दर वेळी सांगणं जरा सोपं जातं, तपशील वाढतात, ग्लव्हची दोरी सुटली होती असंसुद्धा परवा मी सांगितलं. तो डोळे मिटून ऐकतो. माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे ना तो पोरगा येतो ना तो हात. मोहिते काका येतात, मान मागे वळवलेले, आणि मी म्हणते हसा, आणि ते हसतात. त्या दुपारी मी खरोखर बघितलेलं तेवढंच आहे.